आजीच्या लुगड्याचा रंग

दिवाळीच्या आधी माळा झाडायला काढायचा हा आमच्या घरचा जुना रिवाज. यंदा तो झाडताना दोन वस्तू हाती लागल्या. एक पत्र्याची पेटी. तिच्यात काकांनी स्वतःच्या हाताने क्रमांक घालून लावलेल्या स्लाइड होत्या. दुसरे एक तेलकट डागांचे खाकी पाकीट. त्यात दादांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, जपून ठेवलेल्या निगेटिव्हच्या पट्ट्या होत्या. पेटी आणि पाकीट दोन्ही एकाच लग्नाची. १९७३ च्या वैशाखात वाईला आमच्या आत्याचे लग्न झाले, त्या लग्नाची.

पंचाहत्तरी ओलांडलेली आत्या त्या वेळी आमच्याकडेच होती. तिने आल्बममधला आजीचा फोटो हातात घेतला, चष्मा पुसून पाहिला आणि म्हणाली, "हे आईचं लुगडं नव्हे. माझ्या लग्नात आई हिरवं नेसली होती. गर्द हिरवं."

फोटोत तर लुगडे तपकिरी दिसत होते. मी पेटीतून आजीची स्लाइड काढून खिडकीशी धरली. तिच्यात ते धड हिरवेही नव्हते नि धड राखाडीही नव्हते. कितीतरी वेळा धुऊन विटल्यासारखे दिसत होते. आजी त्याच वर्षीच्या पावसाळ्यात गेली. तिचे रंगीत चित्र जगात या दोनच ठिकाणी आहे, आणि दोन साक्षीदारांच्या जबान्या एकमेकींशी जुळत नव्हत्या. आत्या काही बोलली नाही. फोटो तिने उलटा करून मांडीवर ठेवला, एवढेच. ते पाहून मला चैन पडेना आणि या प्रकरणाच्या मुळाशी जायचे मी मनाशी ठरवले.

मुळाशी एक जुना वाद होता. लग्नाच्या आधी महिनाभर तो आमच्या ओसरीवर गाजला होता. मी तेव्हा बारा वर्षांचा. पण तो मला चांगला आठवतो. काका पुण्याच्या एका महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवीत. त्यांच्या एका स्नेह्याने विलायतेहून येताना कोडाक्रोमचा छत्तीस चित्रांचा एक रोल आणून दिला होता. रंगीत फिल्म त्या काळी महाग आणि दुर्मिळ. तेव्हा त्या पिवळ्या डबीचे घरात कोण अप्रूप! दादांनी मात्र मुंबईहून रंगीत निगेटिव्हचा रोल मागवला होता.

"निगेटिव्ह म्हणजे अर्धवट काम," काका म्हणत. "रंग कुठला उतरायचा ते मुंबईचा फोटो छापणारा ठरवणार. त्यानं आपली आई पाहिली आहे, की तिचं लुगडं पाहिलं आहे? स्लाइडचं तसं नाही, दादा. जी फिल्म तिच्यासमोर उघडेल, तीच धुऊन परत येईल. मध्ये कुणाची लुडबुड नाही."

"अरे, पण तुझी ती स्लाइड पाहायची कशी?" दादा विचारीत. "साताऱ्याच्या मामींना काय सांगू? घ्या मामी, आणि कंदिलासमोर धरा?"

दोघांचेही खरे होते. पुढे वाचता वाचता माझ्या ध्यानात आले की हे दोघे भाऊ नकळत एक फार जुने भांडण भांडत होते. छायाचित्रणाचा जन्म झाला तोच मुळी या भांडणासकट.

१८३९ च्या ऑगस्टची १९ तारीख. त्या दिवशी पॅरिसमध्ये दागेर याची कृती जाहीर करण्यात आली. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर तो चित्र उमटवी. ते इतके रेखीव असे की भिंग लावून पाहावे. पण पत्रा एकच, चित्र एकच. दुसरी प्रत हवी तर माणसाने पुन्हा कॅमेऱ्यासमोर बसावे. तिकडे इंग्लंडात टालबट नावाचा गृहस्थ कागदावर धडपडत होता. १८३५ च्या ऑगस्टात लेकॉक ॲबी या आपल्या घराच्या जाळीदार खिडकीचे त्याने घेतलेले चित्र आजही जपून ठेवले आहे. ते टपालाच्या तिकिटापेक्षा फार मोठे नाही. त्यात उजेड काळा आणि अंधार पांढरा. पुढे हाच उलटा कागद दुसऱ्या कागदावर ठेवून उन्हात धरला की सुलटे चित्र मिळते, आणि एक नव्हे, हवी तितकी मिळतात, हे त्याने साधले. १८४१ मध्ये आपल्या सुधारलेल्या कृतीचे पेटंटही घेतले. या उलट्या-सुलट्याला 'निगेटिव्ह' आणि 'पॉझिटिव्ह' ही नावे १८४० मध्ये जॉन हर्शेल याने दिली. हा हर्शेल मूळचा ज्योतिषी, आकाशातले तारे मोजणारा. पण आज गल्लीतल्या फोटोवाल्याच्या तोंडी आहेत ते शब्द त्याचे.

पहिली काही वर्षे दागेरची सरशी होती. टालबटच्या चित्रात कागदाचे तंतू उतरत आणि रेषा पुसट होत. १८५१ मध्ये आर्चर याने काचेवर निगेटिव्ह घेण्याची रीत प्रसिद्ध केली आणि रेखीवपणा व प्रती, दोन्ही एकाच काचेत आले. दागेरचा पत्रा मागे पडला. याचा पुरावा शोधायला फार लांब जायला नको. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्यातले एक जाणते छायाचित्रकार. त्याच मुंबईत विल्यम जॉन्सन आधी दागेरच्या पद्धतीने चित्रे काढी. १८५६ पासून तो हेंडरसन या सहकाऱ्याबरोबर छायाचित्रांचा एक आल्बम क्रमशः काढू लागला, त्यात खरे फोटो चिकटवलेले असत. एकुलत्या पत्र्याचे असे अंक निघतेना. प्रती हव्या, म्हणजे निगेटिव्ह हवी. इथे दादांची बाजू जिंकली होती.

पण रंग आला आणि डाव उलटला.

लुमिएर बंधूंना आपण सिनेमामुळे ओळखतो. त्यांची दुसरी करामत १९०७ मध्ये बाजारात आली आणि तिचे मुख्य साहित्य होते बटाटा! बटाट्याच्या पिठाचे अतिसूक्ष्म कण नारिंगी, हिरव्या आणि जांभळ्या रंगांत रंगवायचे, एकत्र कालवून काचेवर पसरायचे आणि त्यावर प्रकाशाला जागणारा थर द्यायचा. प्रकाश त्या रंगीत कणांतून गाळून आत शिरतो. काच धुऊन चित्र सुलटे केले की त्याच कणांतून गाळून बाहेर येतो. ही ऑटोक्रोमची काच उजेडासमोर धरली की आतून चित्र उजळते. जगातली पहिली व्यवहारात चाललेली रंगीत छायाचित्रे ही अशी निगेटिव्हवाचून झालेली, एकुलती एक होती. आल्बेर कान या फ्रेंच धनिकाने १९०९ ते १९३१ या काळात जगभर माणसे पाठवून अशा सुमारे ७२,००० काचा गोळा केल्या. त्याचा एक छायाचित्रकार, स्तेफान पासे, १९१३ च्या अखेरीस हिंदुस्थानात येऊन गेला. त्याच्या काचा पॅरिसजवळ आजही आहेत. शंभर वर्षांपूर्वीच्या माणसांच्या पागोट्यांचे रंग त्यांत पाहायला मिळतात.

यानंतरची हकीगत मला सर्वांत आवडते, कारण ती दोन गवयांची, खरे तर दोन वादकांची आहे. लिओपोल्ड मॅनस हा पियानो वाजवणारा आणि लिओपोल्ड गोडोव्स्की हा व्हायोलिन वाजवणारा. दोघे शाळकरी वयातले मित्र. तेव्हाचा एक रंगीत म्हणवणारा सिनेमा पाहून ते वैतागले आणि याहून बरे आपणच करू असे म्हणून घरच्या स्वयंपाकघरात व न्हाणीघरात रसायने कालवू लागले. पुढे कोडॅक कंपनीने त्यांना आपल्या रॉचेस्टरच्या प्रयोगशाळेत नेले. अंधाऱ्या खोलीत घड्याळ दिसत नसे, म्हणून हे दोघे ब्राम्सची सिंफनी शिट्टीवर वाजवून तिच्या लयीवर फिल्म धुण्याचे सेकंद मोजीत, असे सांगतात. प्रयोगशाळेतल्या पदवीधर शास्त्रज्ञांना हे पाहून काय वाटले असेल! १९३५ मध्ये त्यांची कोडाक्रोम सिनेमाच्या फिल्मच्या रूपाने बाजारात आली आणि पुढच्याच वर्षी साध्या कॅमेऱ्यासाठीही निघाली.

या फिल्मची गंमत थोडी सविस्तर सांगतो. काकांनी ती मला ओसरीवर पाटीवर काढून समजावली होती. फिल्मवर एकावर एक तीन थर असतात. एकाला निळा उजेड कळतो, एकाला हिरवा, एकाला तांबडा. पण त्या थरांत रंग मुळीच नसतो. कॅमेऱ्यात असते ती केवळ चांदीच्या क्षारांची फिल्म. ती प्रथम साध्या काळ्या-पांढऱ्या निगेटिव्हसारखी धुतात. जिथे उजेड पडला तिथली चांदी काळी होते. जिथे पडला नाही तिथले क्षार तसेच उरतात. आता खरे चित्र घडवायचे ते या उरलेल्या क्षारांतून. त्यांना थराथराने पुन्हा जागे करायचे आणि धुताना प्रत्येक थरात त्याचा त्याचा रंग भरायचा: एकात पिवळा, एकात किरमिजी, एकात आकाशी. शेवटी सगळी चांदी धुऊन टाकायची. मागे राहतो तो नुसता रंग, आणि चित्र सुलटे. "उरलेल्यातून चित्र," काका म्हणाले होते. हे काम घरी होण्यासारखे नव्हे. मोठी यंत्रशाळा हवी, म्हणून काकांचा रोल टपालाने विलायतेला गेला.

या सुलट्या चित्राची एक अट फार कडक असते. निगेटिव्हवर उजेड थोडा कमीजास्त झाला, विशेषतः जास्त झाला, तरी छापताना सावरून घेता येते. स्लाइडमध्ये जे झाले ते झाले. अर्ध्या स्टॉपची चूकसुद्धा डोळ्याला दिसते. जास्त उजेड गेला तर शुभ्र भाग कोरी फिल्म होऊन बसतो, कमी गेला तर सावल्या काळ्याठिक्कर. १९५३ च्या मे महिन्याच्या २९ तारखेला एव्हरेस्टच्या माथ्यावर हिलरीने अंगरख्यात ऊब देऊन जपलेला कॅमेरा बाहेर काढला आणि बर्फाच्या कुऱ्हाडीला निशाणे बांधून उभ्या तेनसिंगचे चित्र घेतले. ते कोडाक्रोमवर. चहूकडे डोळे दिपवणारे बर्फ, श्वास अपुरा, आणि चूक झाली तर पुन्हा वर चढून यायची सोय नाही! तो रोल धुऊन येईपर्यंत त्याच्या मनाला काय वाटत असेल याची कल्पना मला काकांच्या चेहऱ्यावरून करता येते. विलायतेहून रोल परत येईतो काका धड जेवले नव्हते.

मग निगेटिव्हवाले स्वस्थ बसले होते काय? नाही. १९४२ मध्ये कोडॅकनेच कोडाकलर नावाची रंगीत निगेटिव्ह फिल्म काढली. हिच्यात रंग उलटे उतरतात: लाल कुंकू निळसर-हिरवे, केळीचे पान जांभळट. आता तर या पट्ट्यांवर वरून एक नारिंगी झाकही असते. रंगद्रव्यांतली अशुद्धता छापताना भरून काढण्यासाठी ती मुद्दाम ठेवतात. या फिल्ममुळे कागदावरचा रंगीत फोटो सामान्य घरात येण्याची वाट मोकळी झाली. पण त्या पहिल्या दहा-बारा वर्षांतल्या फोटोंची पुढे दैना झाली. हेन्री विल्हेल्म या अमेरिकन संशोधकाने रंगीत छायाचित्रांच्या टिकाऊपणावर १९९३ मध्ये एक जाडजूड ग्रंथ लिहिला. त्यात तो म्हणतो की १९४२ ते १९५३ या काळातले कोडाकलरचे रंगीत फोटो जवळजवळ सगळेच बाद झाले. पिवळट डागाळले, विटले. एका पिढीच्या मुलांचे वाढदिवस आणि लग्ने त्यांबरोबर गेली. उलट त्याच सुमारास अमेरिकन सरकारच्या छायाचित्रकारांनी शेतांवर नि कारखान्यांत घेतलेली सुमारे १,६०० रंगीत पारदर्शक चित्रे वॉशिंग्टनच्या ग्रंथालयात आहेत. त्यांतल्या कोडाक्रोमवरच्या बायकांच्या ओठांचा रंग काल लावल्यासारखा आहे.

नियतकालिकांना स्लाइडच आवडे. रंगीत छपाईचे ब्लॉक करणाऱ्यापुढे मूळ रंग उजेडात धरता येई, वाद नको. रघुवीर सिंग यांनी हिंदुस्थानातले रस्ते, नद्या आणि माणसे कोडाक्रोमवर टिपली. १९९४ मध्ये त्यांचे मुंबईवरचे पुस्तकही निघाले. पावसाळी मुंबईचा रंग ज्यांना पाहायचा आहे त्यांनी ते जरूर मिळवावे. पण घराघरांत मात्र निगेटिव्हच शिरली. १९७२ मध्ये तिची धुण्याची रीत एकसारखी ठरली. पुढे चौकाचौकांत तासाभरात फोटो देणारी यंत्रे आली आणि स्लाइड दाखवणारे काका ही एक जमातच नाहीशी झाली. कोडॅकने २००९ मध्ये कोडाक्रोम बंद केली. तिचा शेवटचा निघालेला रोल स्टीव मॅकरी याला दिला गेला. छत्तीस चित्रे, आणि त्यांतली काही त्याने मुंबईत येऊन अमिताभ बच्चन, आमिर खान अशा मंडळींवर खर्च केली. कॅन्सास राज्यातल्या पार्सन्स गावी ती धुणारी जगातली शेवटची प्रयोगशाळा होती. २०१० च्या डिसेंबरअखेर तिनेही नवे रोल घेणे थांबवले. इतर जातीच्या स्लाइड फिल्म अजून मिळतात, बंद पडलेली एक्टाक्रोम तर २०१८ मध्ये पुन्हा आली. पण कोडाक्रोम आता कुणी रंगात धुऊ शकत नाही.

इतके वाचल्यावर मला वाटले, काका जिंकले. मग आजीची स्लाइड विटली कशी?

लग्नात काय झाले ते सांगतो. मांडवात कापडाखाली उजेड अपुरा, आणि काकांची फिल्म पंचवीस ASA ची, अगदी मंद. त्यामुळे अंतरपाट, मंगलाष्टके, सप्तपदी हे सारे स्लाइडवर काळोखात बुडाले. चांगली निघाली ती अंगणातली चित्रे. त्यांत सकाळच्या उन्हात ओसरीच्या कट्ट्यावर बसलेली आजी. दादांच्या निगेटिव्हवर फ्लॅश लावून सगळे लग्न आले, चौदा घरी प्रती गेल्या, साताऱ्याच्या मामींनी फ्रेम करून लावला. काकांचा रोल दसऱ्यानंतर परत आला. आजी तोवर गेली होती. त्या वर्षी घरात दिवाळी नव्हती. पण भाऊबीजेला आत्या आली. काकांनी महाविद्यालयातून यंत्र मागून आणले, भिंतीवर धुवट धोतर ताणले आणि दिवा लावला. आजी भिंतीएवढी होऊन आमच्यात बसली. आत्या म्हणाली, "राहू दे. एवढ्यात पुढची लावू नकोस." काकांनी राहू दिली.

मग तो परिपाठच झाला. दरवर्षी भाऊबीजेला धोतर ताणायचे, काळोखातली सप्तपदी हसत हसत पुढे ढकलायची आणि आजीपाशी थांबायचे. चार मिनिटे, पाच मिनिटे. आत्या "आता पुढं" म्हणेपर्यंत. १९९७ मध्ये काका गेले तोवर चोवीस भाऊबिजा झाल्या.

विल्हेल्मच्या त्याच ग्रंथात मला उत्तर सापडले. अंधारात कोडाक्रोमइतकी टिकणारी दुसरी फिल्म नाही. पण यंत्राच्या प्रखर दिव्यापुढे तिच्याइतकी नाजूकही क्वचितच. एकूण तासाभराच्या दर्शनात तिचे रंग डोळ्याला जाणवण्याइतके उतरतात. फुजीक्रोम त्या दिव्यापुढे कितीतरी अधिक तास टिकते. मी हिशेब केला. चोवीस भाऊबिजा, दरवेळी चार-पाच मिनिटे: दीड तासाच्या वर. पेटीतल्या बाकीच्या स्लाइड पाहिल्या. मांडवाचा खांब, आचाऱ्याची कढई, जावईबापूंच्या मोटारीचे मडगार्ड, यांचे रंग आजही लखलखीत आहेत. त्यांच्यापाशी कुणी थांबत नव्हते.

हे मी आत्याला सांगितले नाही.

राहिले दादांचे पाकीट. त्यातल्या एका पट्टीवर आजी होती. तोच कट्टा, पण जरा बाजूने, पापणी अर्धी मिटलेली. आल्बममधला तपकिरी फोटो याच चौकटीचा. मी ती पट्टी घेऊन गावातल्या एका दुकानात गेलो. आत्याही हट्टाने बरोबर आली. विशीतल्या मुलाने पट्टी यंत्रात घातली आणि पडद्यावर आजी सुलटी झाली. त्याने काहीतरी सरकवले, लुगडे निळे झाले, पुन्हा सरकवले, तपकिरी झाले, पुन्हा, हिरवट.

"पट्टी जुनी आहे, रंग उतरलेत," तो म्हणाला. "कसा ठेवू, काका? तुम्ही सांगाल तसा होईल."

ओसरीवरचे काकांचे वाक्य पन्नास वर्षांनी असे समोर आले. त्या मुलाने आमची आजी पाहिली नव्हती, लुगडेही पाहिले नव्हते. मी पाहिले होते, पण बारा वर्षांच्या मुलाला आजीच्या लुगड्याचा रंग कुठला लक्षात राहतो!

आत्या म्हणाली, "घरी चल."

घरी आल्यावर तिने आपल्या पिशवीतून गोधडी काढली. ही गोधडी तिच्याबरोबर सगळीकडे असते. आजीच्या लुगड्यांची ती तिनेच शिवली होती, आजीच्या वर्षश्राद्धानंतर. वरून ती आता मातकट झाली आहे. कुठला तुकडा कशाचा ते ओळखू येत नाही. आत्याने बोटांनी चाचपत एक कोपरा धरला, माझ्या बायकोकडून कात्री मागून घेतली आणि काठाचे दहा-बारा टाके उसवले. आत दुमडलेले कापड बाहेर आले. पन्नास वर्षे त्याला ऊन लागले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पुन्हा दुकानात गेलो. त्या मुलाने बोटभर चिंधी पडद्याच्या कडेला धरली आणि रंग सरकवू लागला. आत्या खुर्ची पुढे ओढून बसली.

"अजून गर्द," ती म्हणाली. "थोडं अजून."